खरात सिस्टर आणि आम्ही दोघी

खरात सिस्टरना कुणी 'काकू' म्हटलं की त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या. 'मावशी' म्हटलं तर मान वळवायच्या, पण ओ द्यायच्या नाहीत. 'सिस्टर' म्हटलं की मात्र जिन्याच्या कुठल्याही मजल्यावरून "काय गं?" असं खणखणीत उत्तर यायचं. त्यांची सगळी नोकरी इस्पितळातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या ड्यूटीवर असल्यासारख्याच वावरायच्या. लिफ्टमध्ये कुणाची गरोदर सून भेटली की आधी तिच्या पायांवरची सूज बघायच्या, मग तिच्या तोंडाकडे.

बुटक्या, रुंद बांध्याच्या, केस अगदी बारीक कापलेले, सुती साडीचा पदर पिनेने घट्ट लावलेला आणि पायात पुरुषी सँडल. बायकांच्या चपला पळायच्या कामाच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. "आता कुठे पळायचंय सिस्टर?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वेळ काय सांगून येते?"

त्यांना हळू बोलता येत नसे. कळा देणाऱ्या बायकांच्या वर आवाज चढवून सूचना देण्यात आयुष्य गेलेलं. कानात सांगितलेली गोष्टसुद्धा खाली वॉचमनला कळायची. सबंध बिल्डिंगची गुपितं त्यामुळे फार काळ गुपितं राहत नसत. आमचं मात्र राहिलं, आणि तेही त्यांच्याकडेच. त्याची गंमत मला अजून वाटते.

मी आणि वैशाली त्यांच्या समोरच्या ब्लॉकमध्ये भाड्याने राहायला आलो. मी ठाण्यात एका बँकेत, वैशाली तिथेच चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. घर मिळताना अडचण आली नाही. दोघी नोकरी करणाऱ्या, आवाज नाही, पार्ट्या नाहीत. विचारलं की 'मैत्रिणी' म्हणून सांगायचो. संध्याकाळी हातात हात घालून भाजीला जायचो तर कुणी वळून बघत नसे. उलट सोसायटीतल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "सख्ख्या बहिणींचा नसेल एवढा जीव आहे हो यांचा."

एका रविवारी सिस्टर सुकटीची चटणी घेऊन आल्या. चटणी द्यायची म्हणून त्या सबंध घर फिरल्या, तशी त्यांना सवयच होती. आतल्या खोलीत जाऊन म्हणाल्या, "एकच पलंग? दुसरी कुठे झोपते?"

मी काहीतरी सांगणार होते. पण वैशालीला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "इथेच. सिस्टर, आम्ही जोडीदार आहोत. नवरा-बायको असतात ना, तशा."

सिस्टरनी हातातली वाटी टेबलावर ठेवली, पदर सारखा केला आणि निघून गेल्या. त्यांच्या घराचं दार रोज दणकन आपटायचं. त्या दिवशी ते कधी लागलं ते कळलंसुद्धा नाही.

पुढचा आठवडाभर त्या आमच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. जिन्यात समोर आल्या तर भिंतीकडे बघत जायच्या. आता हे सगळीकडे होणार, असं आम्ही धरून चाललो. वैशाली कळव्याला घरं बघू या म्हणायला लागली. पण वॉचमन नेहमीसारखा हसत होता, बायका नेहमीसारख्या बोलत होत्या. म्हणजे सिस्टरनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात सिस्टर.

"माझी वाटी?"

मी धुऊन ठेवलेली वाटी आणून दिली. ती हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मी विचार केला," त्या म्हणाल्या. "मला अजून नीट काही कळलेलं नाहीये. मला मुलगी असती आणि तिने असं काही सांगितलं असतं, तर मी आधी रडले असते. खरं तेच सांगते. पण काय झालं, काल मला आमचे दिवस आठवले. आम्ही इथे घर शोधत होतो ना, तेव्हा लोक आधी आडनाव विचारायचे. ऐकलं की म्हणायचे, अरेरे, कालच दिलं हो दुसऱ्यांना. दारात उभं करून. पाणी नाही, काही नाही. तेव्हा मी ठरवलं होतं, आपण कुणाला असं उभं करून विचारायचं नाही. आणि तुमच्या तर झोपायच्या खोलीत शिरून विचारलं मी."

वैशालीही माझ्या मागे दाराशी येऊन उभी राहिली होती. सिस्टरनी वाटीत बघितलं.

"आणि रिकामी वाटी परत देतेस होय? तुमच्याकडे पद्धत नाही का काही घालून द्यायची?"

वैशाली पळतच आत गेली. सकाळचा शिरा होता तो तिने वाटीत एवढा भरला की वर शीग झाली. सिस्टर तो खात खातच त्यांच्या घरात गेल्या आणि दार दणकन आपटलं. तो आवाज ऐकून आम्ही दोघी किती तरी वेळ हसत होतो.

त्यांचे यजमान, खरात काका, एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. सिस्टर जेवढ्या बोलत तेवढे काका गप्प. रस्त्याने जाताना काका पुढे, सिस्टर बऱ्याच मागे. अनोळखी माणसाला ती दोघं एका घरातली वाटलीच नसती.

त्या वर्षी दिवाळीच्या पहिल्या पहाटे आम्ही फडके रोडवर निघालो. डोंबिवलीतली सगळी तरुण मुलंमुली त्या दिवशी नटूनथटून तिथे जमतात. सिस्टर म्हणाल्या, "मी येते." मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही दिवाळी करता?" तर म्हणाल्या, "नाही करत. पण नटलेली पोरं बघायला कुणाची परवानगी लागते का?"

मी साडी नेसले होते. वैशाली झब्ब्यात, केस तिचे मुलांसारखे आखूड. ढोलांचा आवाज, रांगोळ्या, फोटो काढणारी पोरं, मुंगीलाही वाट मिळू नये अशी गर्दी. माझा गजरा सुटला. वैशालीने तो परत माळला, आणि माळून झाल्यावर माझ्या गालाचा हलकेच मुका घेतला. सण होता, ती खुशीत होती. कुणी बघेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"ओय होय! कपल, कपल!" मागून कुणीतरी ओरडलं. चारपाच मुलांचं टोळकं होतं, कुर्ते घातलेलं. एक जण म्हणाला, "भाई, यांच्यात नवरा कोण रे?" हशा पिकला. एकाने मोबाइल वर धरला. आमच्या पुढे एक बाई होती, तिने तिच्या छोट्या मुलीचं तोंड धरून पलीकडे वळवलं. मी वैशालीचा हात सोडला.

"हात का सोडलास?"

हा आवाज सिस्टरचा. वॉर्डातला. ढोल वाजत असतानाही आजूबाजूचे सगळे वळले. त्या गर्दीतून वाट काढत सरळ त्या मुलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या छातीलाही पुरत नव्हत्या.

"नाव काय तुझं?"

"काय झालं काकी?"

"काकी नाही, सिस्टर. जन्म कुठला तुझा?"

"इथलाच. डोंबिवलीचा."

"दवाखाना कुठला?"

मुलगा गोंधळला. त्याने इस्पितळाचं नाव सांगितलं. सिस्टरचा चेहरा उजळला.

"मग माझ्याच हातात आला असशील. उलटा धरून पाठीवर चापट मारली तेव्हा कुठे रडलास. परत मारू?"

त्याचे मित्रच त्याला हसायला लागले. "भाई, तेरी तो वाट लगी!" तो लाजला, मग स्वतःही हसला. "सॉरी सिस्टर."

"मला कशाला? त्यांना म्हण. आणि तो मोबाइल खाली कर म्हणावं तुझ्या मित्राला."

तो आमच्याकडे वळला आणि जमिनीकडे बघत "सॉरी दीदी" म्हणाला. सिस्टर एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्याच्या आईचं माहेर, तिची तब्येत, धाकटी बहीण काय शिकते, सगळं विचारून घेतलं. पोरगं हात मागे बांधून उत्तरं देत होतं. परतताना त्या मला म्हणाल्या, "तो माझ्याच वॉर्डातला असेल असं काही नाही बरं का. पण डोंबिवलीत हा नेम सहसा चुकत नाही."

मुलीचं तोंड वळवणारी ती बाई मात्र काही मागे फिरली नाही. तिला सिस्टर काही बोलल्याही नाहीत. फक्त एवढंच सांगते, की तिची ती छोटी मुलगी दूर जाईपर्यंत मान वळवून वळवून आमच्याकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत भीती नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात वैशालीचे वडील गेले. गाव कऱ्हाडजवळचं. आमचं कळल्यापासून घरच्यांनी तिच्याशी संबंध तोडले होते, पण वडील कधीतरी चोरून फोन करायचे. त्या संध्याकाळी फोन आला तो भावाचा. बाबा गेले, म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "तू येऊ नकोस. आलीस तर लोकांना काय सांगू मी?"

ती तेव्हा नुकतीच कामावरून येऊन खाली कंपाउंडमधल्या बाकावर टेकली होती. खिडकीतून तिला तशी बसलेली बघून मी धावत खाली गेले. ती एवढंच बोलली, "मेधा, बाबा." मी तिला जवळ घेतलं. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिचं डोकं थोपटत होते, कपाळाचे मुके घेत होते. आजूबाजूला कोण आहे, कोण नाही, हे मला खरंच दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला. वरच्या कुठल्यातरी खिडकीतून काढलेला. कुणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो फिरत फिरत ग्रुपवर आला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्या सोसायटीत हे काय चाललंय? इथे मुलं खेळतात.' वरून काढल्यामुळे वैशालीचा चेहरा दिसत नव्हता. रडण्याचा आवाज तर नव्हताच. वडिलांचं आणि भावाच्या फोनचं मी फक्त सिस्टरना सांगितलं होतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. अध्यक्ष वर्तक हे सभ्य गृहस्थ. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "हे बघा, वैयक्तिक कुणावर रोख नाही. घरात कुणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण उघड्यावर असे प्रकार नकोत. घरमालकांच्या कानावर घालावं का, यावर आपण विचार करू."

सिस्टर सोसायटीच्या मीटिंगला कधी येत नसत. तिथे पाण्याच्या टाकीशिवाय कशावर बोलणं होत नाही, म्हणायच्या. त्या दिवशी त्या मागच्या खुर्चीवरून उठल्या.

"वर्तक, तो व्हिडिओ लावा."

"अहो सिस्टर, इथे? सगळ्यांसमोर कसा लावणार?"

"का? सगळ्यांनी आपापल्या घरात बसून बघितलाय ना? आता एकत्र बघू. लावा."

वर्तकांनी नाइलाजाने मोबाइल काढला. पुढच्या रांगेतले लोक वाकून बघायला लागले. सिस्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही पाठ बघा कशी हलतेय. रडतेय ती. कुणाला दिसलं? का रडतेय, कुणी विचारलं?"

वर्तकांनी मोबाइल खाली घेतला.

"बाप गेला तिचा. तेव्हाच फोन आला होता. भाऊ म्हणाला, मातीला येऊ नकोस. आता मला सांगा, तिने कुठे जाऊन रडायचं होतं?"

वैशालीने माझा हात घट्ट धरला. या वेळी मी तो सोडला नाही.

"आणि हे हात आजचे आहेत का?" सिस्टर पुढे म्हणाल्या. "ह्याच दोघी रोज हातात हात घालून भाजीला जायच्या. तुम्हीच म्हणायचात, सख्ख्या बहिणींपेक्षा जीव आहे. तेव्हा ते हात चांगले होते. आता त्यांना काटे फुटले?"

"सिस्टर, मुलं विचारतात हो," वर्तक हळूच म्हणाले. "त्यांना काय सांगायचं?"

"सांगायचं, तिचे बाबा गेले म्हणून तिला जवळ घेतलं. मुलांना तेवढं पुरतं. मोठ्यांनाच पुरत नाही."

मग त्या थोडं थांबल्या. पुढचं त्या जमेल तेवढं हळू बोलल्या. म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलंच.

"मी गॅलरीत उभी होते. मला सगळं दिसत होतं. मी खाली यायला हवं होतं. नाही आले. वाटलं, लोक बघतायत, आता मला पण त्यांच्यातली धरतील. एवढ्या बायकांची रडणी ऐकली मी, आणि समोरच्या घरातली पोर रडत होती तर गॅलरीतून बघत बसले. लाज वाटली तर ती मला माझी वाटतेय. त्यांची नाही."

त्या खाली बसल्या. मीटिंगमध्ये ठराव असा काही झाला नाही. वर्तकांनी घसा खाकरला आणि विषय पाण्याच्या टाकीवर गेला. सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. दोनतीन घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पण घरमालकांना कुणी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्तकवहिनी आल्या. हातात झाकलेलं पातेलं, त्यात पिठलं आणि भात. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी द्यायचं असतं, तसं. त्या वैशालीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "वडील कशाने गेले गं तुझे?"

हे विचारणारं पहिलं माणूस. वैशाली बोलायला लागली ती थांबेचना. बाबांची सायकल, बाबांचं तपकीर ओढणं, मुलीने सायकल चालवायची नाही असं आजी म्हणाली तेव्हा बाबांनी तिला मागे धरून शिकवलेली सायकल. सिस्टरही आल्या होत्या. दाराशी बसून सगळं ऐकत होत्या, आणि त्या सबंध दुपारी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी हे केवढं होतं ते आमच्या बिल्डिंगलाच कळेल.

नंतर काकांना मोतीबिंदू झाल्याचं वैशालीच्याच लक्षात आलं. ऑपरेशन करून घरी आणायला सिस्टर आणि मी गेलो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली, आत रस्ता खणलेला होता. काकांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नव्हतं. सिस्टरनी हात पुढे केला. काका म्हणाले, "राहू दे. लोक बघतात."

"बघू देत. ह्या दोघींकडे नाही का बघत लोक? त्यांचं काय झालं? धडधाकट आहेत."

काकांनी हात दिला. नाक्यावरचा फुलवाला ओरडला, "काय सिस्टर! आज एकदम जोडीने?" आणि मी आयुष्यात एकदाच सिस्टरना लाजताना बघितलं. अगदी नव्या नवरीसारख्या. पण हात त्यांनी सोडला नाही.

डोळ्यावरची पट्टी निघाली. काकांना लख्ख दिसायला लागलं. तरी संध्याकाळी फिरायला जाताना ती दोघं हात धरूनच जायला लागली. एक दिवस सिस्टर माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "किती बायकांचे हात धरले गं मी, कळा येताना. घरच्या माणसाचा मात्र कधी धरला नव्हता. रंगाच्या कामाने ह्यांची बोटं किती खरखरीत झालीयेत, मला माहीतच नव्हतं. तुमच्यामुळे कळलं बघ."

मला त्यांना किती तरी सांगायचं होतं. आम्हीच तुमचे ऋणी आहोत, वगैरे. पण त्यांनी तोवर माझ्या आमटीची चव घेतली होती आणि मीठ घाल म्हणून सांगून त्या गेल्यासुद्धा.

काकांना शेवटी गावी राहायचं होतं. संगमनेरजवळ त्यांच्या मुलाने छोटं घर बांधलं होतं. तिथेच पुढच्या थंडीत, झोपेतल्या झोपेत सिस्टर गेल्या. आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्यामुळे मला त्या शेवटच्या दिसल्या त्या कल्याणच्या एसटी स्टँडवर, गावी जायला निघाल्या तेव्हा.

गाडीला वेळ होता. सिस्टर आणि काका बाकावर बसले होते. शेजारी एक म्हातारी बाई, नऊवारीतली, मांडीवर गाठोडं घेतलेली. मी आणि वैशाली सामान राखत समोर उभ्या. म्हातारीने आमच्याकडे बघून सिस्टरना विचारलं, "पोरी का तुमच्या?"

"ही मेधा. शेजारीण, पण लेकच माझी," सिस्टर म्हणाल्या. मग वैशालीच्या दंडाला धरून त्यांनी तिला पुढे ओढलं. "आणि हे तिचं माणूस."

गावाकडे बायका नवऱ्याबद्दल बोलताना असंच म्हणतात. आमचं माणूस शेतावर गेलंय, तिचं माणूस नोकरीला आहे. हे सिस्टर बोलल्या तेही त्यांच्या नेहमीच्या आवाजात. तिकिटाच्या रांगेतली माणसं वळली. कंडक्टर वळला. म्हातारीने वैशालीला खालून वरपर्यंत न्याहाळलं. तिचे आखूड केस, शर्ट, हातातली सिस्टरची पिशवी.

"असं व्हय," ती म्हणाली. मग गाठोडं उचलून तिने पलीकडे ठेवलं आणि बाकावर हात आपटला. "मग माणसाला उभं कशाला ठिवलंय? बस गं बाई."

वैशाली बसली. रांग पुन्हा पुढे बघायला लागली. म्हातारीने तिला गाव विचारलं, आणि कऱ्हाडकडचं म्हटल्यावर तिथल्या उसाची चौकशी सुरू झाली.

गाडी लागली. सिस्टरनी काकांना आधी चढवलं, खिडकीची जागा धरली. आम्ही खाली उभ्या राहून हात हलवत होतो, माझे डोळे भरून आले होते, पण त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या आणि गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला ओरडून सांगत होत्या, "मागे बघ रे, मागे! लेकुरवाळी बाई उभी आहे!" ड्रायव्हरने ब्रेक मारला. ती बाई बाजूला झाली. मग सिस्टरनी त्याला "हां, आता घे" म्हणून सांगितलं, तेव्हाच गाडी पुन्हा हलली.